अर्धा डबा लॅकर

दोष माझ्या आजोबांचाच होता. डॉक्टरांचा नाही, बेरिलचा नाही, आणि मी रसायनशास्त्राचं शिक्षण अर्धवट टाकून घरी परतले त्याचाही नाही, जरी घरात काहीही बिघडलं की म्हातारा पहिलं बोट माझ्याकडेच दाखवायचा.

डेस्मंड ट्रिफिट. पन्नास वर्षं आमच्या बेटावरच्या सिग्नेट गावात गिटारी घडवून, त्यांच्यावर लॅकरचा चकचकीत लेप फवारून, त्यानं फुफ्फुसांची चाळण करून घेतली होती, दिवसभर खोकत असायचा, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी होबार्टच्या डॉक्टरनं माझ्यादेखत सांगितलं होतं, की त्या जुन्या लॅकरचा आणखी एक हंगाम या माणसाला सोसणार नाही. मी शोधाशोध करून पाण्यात कालवता येणारं नवं लॅकर आणलं. म्हाताऱ्यानं त्या लॅकरचा एक हात फळीच्या तुकड्यावर मारला, वाळल्यावर कानाशी धरून बोटानं टकटक केली आणि तुकडा शेगडीत टाकला.

"रेनकोट आहे हा. गिटारीला रेनकोट घालून गायला लावू?"

"आजोबा, तुम्हाला श्वास घ्यायचाय की नाही?"

"पन्नास वर्षं घेतोय. दोन वर्षांत सोडून पळायला मी काय कॉलेजात होतो, प्राध्यापकीणबाई?"

जुनं लॅकर मिळणं बंद झालं होतं. पेट घेणारा माल विमानात चढवत नाहीत, आणि बोटीनं एका म्हाताऱ्यासाठी दोन डबे पाठवायला मेलबर्नचा दुकानदार तयार नव्हता. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण हट्टी माणसाला बेटावरचा प्रत्येक हट्टी माणूस पाठ असतो; आठवडाभर फोन फिरवून तो डोव्हरला बेरिल पायबसकडे पोचला. तिचा नवरा अॅथल, हाही गिटारवाला, अशाच फुफ्फुसांनी त्याच वर्षी गेलेला. त्याच्या शेडमध्ये अर्धा डबा लॅकर होतं, आणि खुंटीला लटकलेली एक कोरी गिटार, ब्लॅकवूड लाकडाची, फवारायची राहिलेली. बेरिलची अट एकच होती: ती गिटार अॅथलच्याच लॅकरनं पुरी करून तिला परत आणून द्यायची. पन्नास वर्षं एकमेकांच्या कामाला नावं ठेवली, त्या माणसाची शेवटची गिटार आपल्या हातून पुरी होणार, म्हणून म्हातारा येताना गाडीत शीळ घालत होता.

गिटारवाल्यांच्या या पिढीची एक खोड आहे. डब्याचं झाकण लावण्याआधी आत वाकून एक लांब श्वास सोडतात आणि लगेच झाकण ठोकतात. त्यानं माल टिकतो म्हणे. तेलाच्या वार्निशाला ते चालत असेल, लॅकरला नाही, लॅकरमध्ये उलट ओल जाते. हे मी शंभरदा सांगितलं होतं. अॅथलही तेच करायचा, हे बेरिलनं सांगितलं, आणि हे झाकण त्यानं इस्पितळात जायच्या सकाळी लावलेलं.

म्हाताऱ्यानं आमच्या शेडमध्ये ते उघडलं तेव्हा डब्यानं बारीकसा उसासा टाकला. मास्क गळ्यात लटकत ठेवून, कारण लॅकर नाकानंच ओळखायचं असतं असा त्याचा हेका, तो डब्यावर वाकला आणि पोटातून श्वास ओढला.

"अॅथलच," तो हसून म्हणाला. लागेल तेवढं काढून घेतलं, स्वतःचा एक लांब श्वास आत सोडला आणि झाकण ठोकलं. रोज एक हात द्यायचा, तर रोज हेच.

दुसऱ्या सकाळी गिटारीच्या मधल्या गोल भोकाशी, खालच्या कडेला, नाण्याएवढा पांढुरका डाग होता. दमट हवेत फवारलं तर लॅकरवर असा डाग धरतो, त्यात नवल नाही. पण हवा कोरडी होती, मी ओल मोजायचा मापक दोनदा पाहिला होता. चहा पिऊन आले तर डाग गेलेला. मान वळवली, पुन्हा आलेला. मी हीटर लावला, मापक बदलला, घरातून शेडमध्ये आणि शेडमधून घरात खेपा घातल्या, एका जागी बसवेना. आणि शेवटी उभी राहून नुसतं पाहिलं, तेव्हा दिसलं की डाग वाढत होता, आटत होता, वाढत होता, सावकाश, झोपलेल्या माणसाच्या लयीत. भोकावर हात धरला. तळवा ओला झाला. कोमट.

शेडमध्ये काहीतरी कमी आहे असं मला तीन दिवस वाटत होतं. ते काय, हे चौथ्या दिवशी कळलं. म्हातारा खोकत नव्हता.

त्या सकाळी गवतावर हिम पडलं होतं. तो अंगणात लाकडं फोडत माझ्यावर ओरडत होता, की शेगडी विझवलीस, शिक्षण विझवलंस, आता काय उरलंय विझवायला. माझ्या तोंडातून वाफ निघत होती, कुत्र्याच्या तोंडातून निघत होती. त्याच्या तोंडातून शब्द येत होते. नुसते शब्द.

"आजोबा, तो डबा उघडा. उघडा आणि पुन्हा आत वाकून श्वास ओढून घ्या."

"डबा रिकामा झाला. शेवटचा हात काल मारला."

"मग गिटार देऊ नका. निदान काही दिवस."

"बेरिलला शब्द दिलाय मी."

"शब्द गेला खड्ड्यात! हवेत हात धरून बघा तोंडासमोर!"

त्यानं धरला. बराच वेळ धरला. मग हात पँटला पुसला, काही लागल्यासारखा, आणि म्हणाला, "पेटी काढ गिटारीची. पहिल्यांदा धड श्वास घेतोय मी, आणि तुला तेही बघवत नाही."

डोव्हरला मी गाडीतून उतरल्यापासून येरझाऱ्याच घालत होते. बेरिलनं गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा छेडल्या नाहीत, नुसता चेहरा भोकाशी नेला. तिच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या, निवळल्या, पुन्हा धुरकटल्या. तिनं चष्मा पुसला नाही.

"डेस, तुझा खोकला गेला वाटतं," ती मान वर न करता म्हणाली.

"साफ गेला."

"आजी, ही आठवडाभर आमच्याकडे राहू द्या," मी म्हणाले. "डाग आहे एक. काढून देते."

"डाग असू दे, पोरी." तिनं गिटार पेटीत ठेवली, पण झाकण बोटभर उघडं ठेवलं.

गिटारीच्या आत बघायचा एक दांडीचा छोटा आरसा असतो. दुपारी म्हातारा खुर्चीत डुलकी काढतो, तेव्हा मी तो आरसा खिडकीबाहेर गार करते आणि त्याच्या नाकाखाली धरते. काल त्यानं डोळे न उघडताच विचारलं, "दिसतंय काही?"

मी नाही म्हणाले.

अर्धा डबा लॅकरपायी म्हाताऱ्यानं श्वास घालवला. बाकीचा म्हातारा घरीच आहे.