मृदंगाच्या जागेवर डबा

रामनवमीच्या सकाळी, तमिळ मुलखातल्या आपल्या गावी, दक्षिण राजवीथी ह्या बाजाररस्त्यावरच्या वायरवाल्याला तुकोजींनी जे ऐकवलं, ते अशा दिवशी कुणाच्या तोंडून निघू नये. पण निघालं. बिचारा नुकती उदबत्ती लावून गल्ल्यापाशी टेकत होता, तेवढ्यात हे समोर उभे. हातात वायरींचं भेंडोळं, कपाळावरचं गंध आठ्यांत चुरगळलेलं.

कालव्याच्या खात्यात उभी हयात काढलेला माणूस. पाणी चोरणाऱ्यांवर ओरडून ओरडून आवाज कमावलेला. त्या आवाजात त्यांनी विचारलं, की आधी वायर दिलीस तिला तांबडं नि पांढरं अशी दोन-दोन तोंडं, माझ्या डब्याला भोक एकच. ती बदलून दुसरी दिलीस तिची टोकं उघडी, तांब्याचे केस बाहेर आलेले. ती साध्या स्पीकरला चालते, खालचा आवाज काढणाऱ्या ह्या सबवूफरच्या डब्याला नाही, हे घरी जाऊन मला कळायचं, की इथंच तुला? दुकानदार शांतपणे म्हणाला, की सबवूफरला जाड, एकतोंडी, आत जाळीचं वेष्टण असलेली वायर लागते, पण सर मागतात तेवढी लांब त्याच्याकडे नाही. डबा जरा जवळ ठेवला तर?

हे ‘जवळ ठेवा’ ऐकलं मात्र, तुकोजींच्या डोक्यात तिडीक गेली. कारण मुलगाही तेच सांगत होता. सतीशकुमारनं चेन्नईहून होम थिएटरचा हा सगळा सरंजाम आणून दिला, घाईघाईनं मांडला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला. आता फोनवरून शहाणपण शिकवत होता, की खालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळतच नाही, डबा टीव्हीजवळच्या कोपऱ्यात सरकवा, सोबत आलेली वायर पुरते.

“तुझ्या कानाला कळत नसेल,” असं म्हणून तुकोजींनी फोन ठेवून दिला होता.

कोपऱ्यात ठेवा म्हणे. ज्यानं एक तरी कीर्तन डोळे उघडे ठेवून ऐकलंय त्याला विचारा, मृदंग कुठं बसतो. गाणाऱ्याच्या उजव्या हाताला. तुकोजींच्या घरी दर रामनवमीला कीर्तन व्हायचं. तिरुवैयारूच्या कनकलताबाई हातात चिपळ्या घेऊन उभ्या राहायच्या. निरूपण तमिळमध्ये, पण मध्येच मराठी पदं यायची, कधी साकी, कधी दिंडी. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना त्यांचा अर्थ लागत नसे, तरी साकी सुरू झाली की माना आपोआप डोलायच्या. भक्तीला शब्दकोश लागत नाही. आणि बाईंच्या उजव्या हाताला, खांबाशी, चटईवर मृदंग घेऊन बसायचे ते तुकोजींचे थोरले भाऊ वैद्यनाथअण्णा. तुकोजींची बायको सरस्वती रवा भिजवून मळून द्यायची. त्याची टिकली डाव्या तोंडावर थापली, की मृदंग असा घुमायचा, जणू ऐकणाऱ्याच्या पोटातूनच कुणी ‘हो’ म्हणतंय.

आता बाई नाहीत. अण्णांचा डावा हात पक्षाघातानं लुळा पडला. उरलं ते एक रेकॉर्डिंग, पादुकांच्या आख्यानाचं. गेल्या रामनवमीला ते टीव्हीवर लावलं, तर पत्र्यावर खडे पडावेत तशी उजव्या हाताची टिकटिक तेवढी ऐकू आली. डावा हात कुठं नाहीच. अण्णा साकी संपायच्या आतच उठले. हात गेला तो गेलाच, नादही गेला, एवढं म्हणून करंदैला आपल्या घरी निघून गेले, ते परत ह्या घराची पायरी चढले नव्हते.

तेव्हापासून तुकोजींच्या मनानं एकच धरलं होतं, अण्णांना त्यांचा डावा हात ऐकवायचा. एकदा तरी. म्हणून डबा, म्हणून वायर. आणि डबा बसेल तर खांबापाशी, चटईवर. मृदंगाला कुणी टीव्हीमागं कोंबत नाही.

दुकानदारानं अखेर, बला टळो म्हणून, दोन बारीक वायरी मध्ये जोड देऊन लांबवून दिल्या.

घरी येऊन तुकोजींनी ती वायर टीव्हीपासून काढली, भिंतीकडेनं नेली, फ्रीजच्या मागून, इन्व्हर्टरच्या वायरींना बिलगून, पार खांबापर्यंत. कपाटातून अण्णांची चटई काढली, झटकली, अंथरली. तिच्यावर तो काळा डबा मांडला. मृदंगाला लावतात तसं गंध लावलं, फूल वाहिलं. हात जोडले आणि बटण दाबलं.

म्म्म्म्म्म्म.

अजून काही लावलंही नव्हतं. गाणं नाही, बोलणं नाही, आणि डबा आपला गुरगुरतोय. आवाज कमी केला तरी तेवढाच, वाढवला तरी तेवढाच. पुन्हा धड कुठल्या सुरातही नाही. बाईंचा षड्ज एकीकडे, ह्याचं रडगाणं दुसरीकडे. तुकोजींनी वायर ओढली, पिळली, जोडावर फडकं बांधलं. मग दुकानदाराचा उद्धार केला, मुलाचा केला, वीजमंडळाचा केला.

सरस्वतीबाई पानकमात, रामनवमीच्या गुळाच्या पन्ह्यात, वेलची टाकत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “तुमच्यावर गेलाय. कुणी काही बोललेलं नसताना गुरगुरतो.”

तुकोजी ह्यावर काय बोलले असते कोण जाणे. पाट लांबून आणला, दुसऱ्यांच्या शेतांना खेटून आणला, की त्यांचं पाणी त्यात शिरणारच, हे त्यांनी शेकडो शेतकऱ्यांना बांधावर उभं राहून समजावलं होतं. ते आज त्यांना आठवत होतं, आणि आठवत होतं म्हणूनच राग दुप्पट चढत होता. तेवढ्यात दारात काठी वाजली.

वैद्यनाथअण्णा उभे होते. सरस्वतीबाईंनीच परस्पर निरोप पाठवला होता, की रामनवमीचं पानकम तरी पिऊन जा. नवऱ्याला त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यावरूनही आरडाओरडा झाला असता.

अण्णा आत आले. खांबाकडे पाहिलं. आपली चटई पाहिली, चटईवरचा डबा पाहिला, डब्यावरचं गंध आणि फूल पाहिलं. घरात त्या गुरगुरण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

तुकोजी उत्साहानं सांगायला लागले, की हा खालचा आवाज काढतो, ह्याच्यातून तुमचा डावा हात ऐकू येणार, जरा वायरीचं बघतोय, एवढं झालं की झालं. सांगता सांगता त्यांचं लक्ष अण्णांच्या तोंडाकडे गेलं.

“बाईंनी ह्याच घरात पादुकांचं आख्यान किती वेळा सांगितलं,” अण्णा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. “धाकट्या भावानं सिंहासनावर पादुका ठेवल्या, त्या थोरला परत येणार म्हणून. तू डबा ठेवलास तो मी येणार नाही म्हणून. वर फूलही वाहिलंस. फोटोला वाहतात तसं.”

तुकोजींना वाटलं होतं आपण आता ओशाळू. पण उसळला तो रागच. वर्षभराचा.

“मग आलात कुठं तुम्ही?” ते ओरडले. “दिवाळीला नाही, पोंगलला नाही. मी करंदैला आलो तर झोपलेत म्हणून सांगायला लावलंत. हात तुमचा गेला, अण्णा, तर मी काय केलं होतं? ती रिकामी जागा बघत मीच बसायचं? किती दिवस बघू?”

“रिकामी ठेव,” अण्णाही आता ओरडले. “रिकामी असली तरी माझी आहे.”

सरस्वतीबाई पानकमाचा पेला घेऊन उंबऱ्यातच थांबल्या. दोघंही भाऊ धापा टाकत होते. डबा गुरगुरतच होता.

तुकोजी वाकले. फूल उचलून बाजूला ठेवलं. वायर हिसडली, ती जोडातूनच सुटली, आणि गुरगुर एकदम बंद झाली. मग त्यांनी तो जड डबा कवेत घेतला आणि पुटपुटत, कण्हत, कमरेला शिव्या देत टीव्हीजवळच्या कोपऱ्यात नेऊन आदळला. खोक्यातून सोबत आलेली आखूड, जाड वायर काढली. एक टोक इकडे, एक तिकडे. पुरून वर उरली. मुलगा म्हणाला होता ते खरं ठरलं, ह्याचाही त्यांना रागच आला.

बटण दाबलं. काहीच नाही. स्वच्छ शांतता, देवळाच्या गाभाऱ्यात असते तशी.

अण्णा खांबाला धरून हळूहळू खाली बसले, आपल्या चटईवर. तुकोजींनी मदतीला हात पुढं केला तो त्यांनी घेतला नाही. आख्यान सुरू झालं. बाईंचा खाकरण्याचा आवाज, चिपळ्या, मग पहिला शब्द. आणि त्याच्या मागून, खालून, जमिनीतून यावा तसा तो नाद आला. घुम्म. थोडं थांबून पुन्हा, घुम्म. कोपरा कुठं आणि खांब कुठं, काही कळत नव्हतं. तो सगळीकडूनच येत होता.

तुकोजी डोळे मिटून हात जोडून बसले. एका साकीवर अण्णा एकदम म्हणाले, “इथं चुकलो. घाई केली. बाईंनी सांभाळून घेतलं.”

“कथा ऐका,” तुकोजी चिडून म्हणाले. “बोलू नका मध्ये.”

पुढची साकी लागली. तुकोजींनी डोळे किलकिले करून पाहिलं. अण्णांनी मांडीवर पडलेला आपला डावा हात उजव्या हातानं उचलला होता, आणि तळवा खाली करून त्या तांबड्या फरशीवर अलगद ठेवला होता. फरशी नादानं हलकी थरथरत होती. त्यांची मान खाली होती.

“आवाज वाढव,” ते म्हणाले. अजून रागातच.

तुकोजींनी वाढवला.