इथं मराठीत बोलायचं

औषधांची रिकामी खोकी, धुतलेल्या सिरपच्या बाटल्या आणि एक जुना पांढरा कोट पिशवीत भरताना महेश्वरीची नुसती धांदल उडाली होती. मुरुम गावच्या स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये ती काउंटर सांभाळायची. आज मालकांनी, फकरुद्दीनभाईंनी, तिला लेकीच्या शाळेसाठी सकाळची सुट्टी दिली होती.

भुवनेश्वरी तिसरीत. तिच्या मिनाज मॅडमनी यंदा एक नवीनच काढलं होतं. शनिवारी कुणाची तरी आई नाहीतर बाप वर्गात येणार, आपलं काम दाखवणार आणि पोरं ते काम खेळता खेळता त्याची भाषा शिकणार. वेल्डर आला त्या आठवड्यात पोरं 'ठिणगी' आणि 'सांधा' या शब्दांवर धडाधड वाक्यं करत होती. "काम डोळ्यांपुढं आलं की शब्द चिकटतात," मॅडम म्हणायच्या, "आन् आपुन कोण व्हायचं, हेबी पोरांच्या मनात यायला लागतं."

घरात मात्र महेश्वरीची वेगळीच शिकवणी चालू होती. तिचं माहेर सीमेवरचं, घरात सगळी कानडी; सासरीही तीच. लातूरला फार्मसी शिकताना तिच्या बोलण्यातल्या कानडी हेलावर होस्टेलच्या पोरी इतक्या हसल्या, की मेसमध्ये ती चपातीसुद्धा बोट दाखवून मागायची. लेकीवर ती पाळी नको. म्हणून भुवी शाळेत जायला लागली तशी तिनं घरातली कानडी बंद केली. सासूला, उमाबाईंना, ती 'अत्ती' म्हणायची, तेही सोडून 'आई' म्हणू लागली. उमाबाईंना मराठी कळायची, पण बोलताना अंगावर दुसऱ्याचं लुगडं असल्यासारख्या त्या अवघडायच्या. नातीला जवळ घेऊन काही सांगू लागल्या, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "भुवे, इथं मराठीत बोलायचं. न्हायतर गप बसायचं." म्हणायची लेकीला, ऐकायच्या दोघी. हळूहळू उमाबाई गप बसायलाच शिकल्या.

वर्गात दोन बाकं जोडून दुकान मांडलं. महेश्वरीनं खोकी लावली. पुडीवर सूर्य काढला की सकाळची गोळी, चांद काढला की रात्रीची, हे दाखवलं. पोरं खूश. मॅडम म्हणाल्या, "आता दुकानदार भुवनेश्वरी. गिऱ्हाईक कोण होतंय?"

श्रीशैल हात वर करायच्या आधीच उठला. वर्गातला पक्का नकलाकार. त्यानं मॅडमची छत्री काठीसारखी धरली, पाठीत वाकला, खोकत खोकत बाकापाशी आला. पोरं आधीच फिदीफिदी हसायला लागली.

"यव्वा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "केम्म भाळ अद. निद्दी बरंगिल्ल."

खोकला लई झालाय माय, झोप येत नाही. मेडिकलमध्ये हे वाक्य महेश्वरी रोज ऐकायची. सीमेपलीकडच्या खेड्यांतली म्हातारी माणसं आळंद रस्त्यानं जीपमधून उतरायची ती थेट तिच्याकडंच. दुसरी दुकानं सोडून यायची. 'कानडीवाली पोरगी कुठंय?' म्हणून विचारायची.

मोठ्या कोटात बुडालेली भुवी श्रीशैलकडं बघत राहिली. मग तिनं एकवार आईकडं पाहिलं. कमरेवर हात ठेवले, मान ताठ केली.

"इथं मराठीत बोलायचं," ती म्हणाली. "न्हायतर गप बसायचं."

आवाज हुबेहूब महेश्वरीचा. शेवटचा झटकासुद्धा.

"मग ऱ्हाऊ दे तुझं औषध," श्रीशैल छत्री आपटत म्हणाला, "मरतो घरी जाऊन!" आणि वर्ग हसून लोटपोट झाला.

मॅडमही हसल्या. "भुवीची आई, दुकानात असं म्हणता व्हय गिऱ्हाइकाला?"

"न्हाय, न्हाय," महेश्वरी घाईनं म्हणाली. "दुकानात न्हाय."

"मग कुठं म्हणता ओ काकू?" श्रीशैलनं विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं. महेश्वरी खोकी गोळा करू लागली, अजून खेळ संपला नव्हता तरी.

त्या दिवशी काउंटरवर तिच्या हातून चांदाऐवजी सूर्य निघाला. गिऱ्हाइकानंच दाखवून दिलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा उमाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. महेश्वरी त्यांच्याजवळ टेकली. किती वर्षांनी तिनं घरात कानडीत तोंड उघडलं. "अत्ती, भुवीला दुकान-दुकान खेळायचंय. तुम्ही गिऱ्हाईक व्हा. आपल्या बोलीत औषध मागा तिला."

उमाबाईंनी हातातली शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफलं वेगळी केली. मग मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "माज्याच घरात म्या... गिऱ्हाईक व्हऊ का, सूनबाई?"

महेश्वरी कानडीत विचारून बसली होती आणि उत्तर मराठीत आलं होतं.

सोमवारी सकाळी भुवीची वेणी घालताना तिनं मुद्दाम सहज विचारलं, "केम्म म्हंजे काय, ठाऊक हाय का गं तुला?"

"खोकला," भुवी रिबिनीशी खेळत म्हणाली.

महेश्वरीचा हात थांबला. "आन् निद्दी?"

"झोप. मला सगळं कळलं होतं की."

"मग वर्गात तसं का बोललीस?"

भुवीनं मान वळवली. केस ताणले गेले तरी तिनं फिकीर केली नाही. "तू उभी होतीस ना तिथं, मम्मी."

एक वेणी झाली होती, एक मोकळी होती. महेश्वरीनं फणी लेकीच्या हातात दिली. "जा. दुसरी आजीकडून घालून घे." भुवी उठेना. आईच्या तोंडाकडं बघत राहिली, हा नियम खरा की जुना खरा, हे ठरवत. "जा गं," महेश्वरी म्हणाली, आणि मग कानडीत, "होगु."

पोर पलीकडच्या खोलीत गेली. मग उमाबाईंचा आवाज आला, तोच अवघडलेला, "बस... खाली."

"अज्जी," भुवी कुजबुजली, "कुंद्रु अन्नु की." बस खाली नको, कुंद्रु म्हण की.

उमाबाई काही म्हणाल्या. इतक्या हळू, की शब्द उंबऱ्यापर्यंत पोचला नाही. रिबीन महेश्वरीच्याच हातात राहिली होती. ती द्यायला ती दारापर्यंत गेली आणि भिंतीआडच थांबली. आपली सावली आत पडू नये म्हणून तिनं पाऊल मागं घेतलं.