बाईसाहेब खुडूक बसल्या तेव्हा

मोठीला कुणी काही लिहून घ्यायला सांगितलं की तिला हुरूप यायचा. चौतीस वर्षं तिने एका भल्यामोठ्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली होती. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदाची पोच मिळवायची, पोच मिळाली की प्रकरण बंद. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हा खाक्या सुटला नव्हता. त्यामुळे धाकटी बहीण मागच्या दारी शेवाळावरून घसरून, खुबा मोडून दवाखान्यात पडली आणि मोठी मिळेल त्या गाडीने धावत आली, तेव्हा पिशवीतून तिने आधी काय काढलं असेल, तर वही.

"सांग," ती खाटेच्या कडेला बसत म्हणाली. "तुझ्या पाखरांचं काय काय करायचं ते एकदा सांगून टाक. मी सगळं बघते."

धाकटीचा चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता, पण टर्क्यांचा विषय निघाल्यावर तिला बोलायला बळ आलं. "नराला आधी दाणे टाक, नाहीतर तुझ्या चपलांशी भांडत बसेल. पाण्याची भांडी रोज घासायची. शेजारच्या कोंबड्यांना आत येऊ द्यायचं नाही, त्यांच्याकडून रोग येतो. आणि ताई, माद्यांतल्या आपल्या बाईसाहेब खुडूक बसल्यात. अकरा अंडी आहेत, आज आठवा दिवस. अठ्ठावीस दिवस लागतात. त्यांना रोज सकाळी उचलून खाली ठेवायचं."

"उचलून? म्हणजे हाताने?"

"मग काय चिमट्याने? पंख दाबून धरायचे आणि उचलायचं. ती स्वतःहून उठत नाही गं. समोर दाणे ठेवलेस तरी बघत बसते. खाली ठेवली की मग तिला आठवतं आपल्याला पोट आहे ते. वीस मिनिटांत खाऊन-पिऊन परत जाऊन बसते. पण उचलावंच लागतं."

मोठीने लिहिलं, 'बाईसाहेबांना रोज उचलणे', आणि खाली दोन रेघा मारल्या. लिहिलं म्हणजे अर्धं काम झालं, असं तिला नेहमीच वाटत आलं होतं.

घर आईचं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी नऊ वर्षं आई अंथरुणाला खिळून होती आणि धाकटी तिच्या उशाशी. मोठीची नोकरी दूरच्या शहरात, तिथून येणं जमायचं नाही. निदान तसं ती म्हणायची. पण कर्तव्यात कसूर नव्हती. दर महिन्याला पेटी यायची: फळं, बिस्किटं, ताकदीची पावडर, लोकरीचे मोजे. रविवारी फोन. "पोचली का पेटी?" "पोचली." "मागचं संपलं?" "संपलं." मग झालं तर! एकदा मोठी म्हणालीही होती, "तू चार दिवस ये की इकडे, जरा हवापालट होईल." धाकटी म्हणाली, "आईजवळ कोण बसेल?" त्यावर मोठी "हो, तेही खरंच" म्हणाली आणि फोन ठेवला. आई गेल्यावर धाकटीने मागच्या अंगणात जाळी ठोकून घेतली, एक नर आणि तीन माद्या आणल्या. या उतारवयात हे काय खूळ, असं मोठीला वाटलं होतं आणि तिने ते बोलूनही दाखवलं होतं.

पहिल्या सकाळी ती खुराड्यात वाकून शिरली. कोपऱ्यातल्या खोक्यात, गवतावर, बाईसाहेब पसरून बसल्या होत्या. मोठीने हात पुढे केले मात्र, बाईसाहेबांनी सगळी पिसं फुलवली, सापासारखा फुत्कार टाकला आणि मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं. मोठी मागे सरकली ती डोकं आढ्याला आपटून. बाहेर नर गुडगुड करत होता. हसतोय की काय असं वाटलं.

"बरं बाई, नको उठूस," ती मनगट चोळत म्हणाली. "तुझ्यापुढेच वाढते."

एका वाटीत दाणे, एका वाटीत पाणी. दोन्ही खोक्याला टेकवून, मान लांब केली की पोचेल अशी. एवढं हाताशी असल्यावर कोण उपाशी राहील? भूक लागली की झक मारत उठेल. कोंबड्या नाही का उठत?

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर दाण्यांची वाटी रिकामी, पाणीही निम्म्यावर. मोठीचा जीव भांड्यात पडला. वर थोडी ऐटही आली. दोन वर्षं पाखरं पाळून धाकटीला जे कळलं नाही, ते आपल्याला एका दिवसात कळलं! तिने वाटी भरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा रिकामी. पोच मिळत होती.

दवाखान्यात धाकटी रोज पहिला प्रश्न तोच विचारायची. "उचललीस?"

"उचलली गं."

"खाल्लं?"

"चाटूनपुसून."

पहिलं खोटं आणि दुसरं खरं, असं मोठी मनाशी म्हणायची, म्हणजे फार तर निम्मं खोटं. धाकटी डोळे मिटून हसायची. "या खेपेला पिल्लं निघाली ना ताई, तर पहिल्या दिवशी त्यांची चोच पाण्यात बुडवून दाखवावी लागते. दाखवल्याशिवाय त्यांना पाणीसुद्धा कळत नाही. तोपर्यंत मी घरी असेन, नाही?" मोठी म्हणायची, असशील की.

दहाव्या दिवशी शेजारचा सुतार जाळीचा एक कोपरा सुटला होता तो ठोकायला आला. खिळे तोंडात धरून तो खुराड्यात डोकावला आणि तिथेच थांबला. मग खिळे काढून हातात घेतले.

"ताई, ही चिमण्यांची पंगत कधीपासून?"

सात-आठ चिमण्या बाईसाहेबांच्या वाटीवर बसून दाणे टिपत होत्या. सुटलेल्या कोपऱ्यातून त्यांची ये-जा चालली होती. बाईसाहेब तोंडाजवळ चाललेला तो सोहळा नुसता बघत होत्या. मानही हलवत नव्हत्या.

सुताराने तिला दोन्ही हातांनी उचललं. ना फुत्कार, ना चोच. "अहो, हिच्यात काही उरलेलंच नाही," तो म्हणाला, आणि मोठीचा हात धरून पिसांखाली नेला. वरून एवढा मोठा फुललेला पक्षी, आणि आत छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं. 

त्यांनी साखरेचं पाणी केलं, थेंब थेंब चोचीत सोडलं. दोन थेंब गेले, बाकीचे गळ्यावरून ओघळले. दुपार कलायच्या आत ती सुताराच्या मांडीवर मेली. अंडी तेव्हा अजून कोमट होती. मोठीने ती आपल्या शालीत गुंडाळली, गरम पाण्याची पिशवी लावली, सारखं पाणी बदलत राहिली. सकाळी अंडी गार होती. अकराच्या अकरा.

आता सांगायचं कसं? सुतार म्हणाला, "मी सांगू का?" एका क्षणापुरतं मोठीला वाटलं, सांगू दे. आयुष्यभर असंच तर चाललं होतं, आपलं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं. पण ती स्वतः गेली, आणि धाकटीने "उचललीस?" विचारायच्या आत म्हणाली, "एकदाही नाही उचलली. चावली म्हणून घाबरले. समोर वाढत होते आणि तुझ्याशी खोटं बोलत होते. बाईसाहेब गेल्या. अंडीही गेली."

 धाकटीने एवढंच विचारलं, "दाणे कोण खात होतं?"

"चिमण्या."

धाकटी हसायला लागली. खुबा दुखत होता तरी हसत राहिली, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"ताई, तुझ्या त्या पेट्या यायच्या ना. फळं आईला इंजेक्शन द्यायला यायची ती नर्स न्यायची. बिस्किटं शेजारचा सुतार आणि त्याची नातवंडं. मला घास उतरायचा नाही तेव्हा. तू विचारायचीस संपलं का, मी म्हणायचे संपलं. खोटं नव्हतं ते." तिने नाक पुसलं. "मी खाल्लं का, ते तू कधी विचारलंच नाहीस."

 नऊ वर्षं. एकशे आठ पेट्या. त्यातल्या एका पेटीऐवजी ती स्वतः आली असती, धाकटीला दंडाला धरून आईच्या उशापासून उठवलं असतं, जा, चार दिवस बाहेर जा, असं म्हणून ढकललं असतं, तर? हे आत्ता सुचत होतं. आणि आता आईही नव्हती, जिथून उठवायचं ती उशाची जागाही नव्हती.

पुढच्या आठवड्यात धाकटी घरी आली. डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळ-संध्याकाळ चालवायचं. मोठीने वॉकर खाटेला लावून ठेवला, हाताला येईल असा. धाकटी त्याच्याकडे बघून म्हणाली, "आज नको. उद्या बघू. तू चहा पी जा." मोठी "बरं" म्हणाली आणि वळली. दारापर्यंत गेली. अंगणात नर गुडगुडत होता.

ती परत आली. वॉकर बाजूला सारला, वाकली आणि धाकटीच्या दोन्ही काखांत हात घातले.

"सोड! दुखतंय! सोड म्हणते ना!" धाकटीने तिच्या मनगटावर फटका मारला, नेमका बाईसाहेबांच्या चोचीच्या खपलीवर. खपली निघाली.

मोठीने सोडलं नाही. काखेत नुसती हाडं हाताला लागली. उचलायला तिने सगळा जोर लावला होता. एवढा जोर लागलाच नाही.