वाढत्या अंगाचा झगा

लोकांच्या मुली शिवायला ब्लाऊज आणतात. माझ्या नवऱ्याच्या मुलीने झगा आणला, म्हणजे झग्याचं चित्र. अंग एक, गळे नऊ.

"घालणार कोण?"

"लोक. अनोळखी. आत शिरायचं, मान बाहेर काढायची, चिठ्ठीत निघेल ते नातं घ्यायचं. मग सगळ्यांनी मिळून टेबलावरचा चहा घ्यायचा आणि पलीकडच्या सोफ्यावर बसून प्यायचा."

"आणि मग?"

"मग काही नाही. कला आहे ही."

मी मान डोलावली. शिवणकाम मी जुने कपडे उसवून उसवून शिकले. कला अजून कुणी उसवायला दिली नव्हती.

"घट्ट नको हं," ती म्हणाली.

"वाढत्या अंगाचा ठेवते."

"म्हणजे?"

"आज लोंबतो, उद्या बसतो. गणवेश शिवायला येणाऱ्या प्रत्येक आईला हेच सांगते मी."

मग तिने गळे सांगितले. "एक बाबांचा, एक आत्याचा, एक माझा. बाकीचे येतील त्यांचे." मी खडूने खुणा करत गेले. तिच्या वडिलांशी लग्न होऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं. माझा गळा कुठला, हे विचारायला जीभ रेटेना. विचारलं असतं तर "हो हो, तुमचाही" म्हणाली असती, आणि असा मागून घेतलेला गळा मला नको होता. निमूट नऊ शिवले.

प्रयोगाच्या दिवशी मी सुईदोरा आणि कात्री घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. पोरीच्या चिठ्ठीत आजी निघाली. तिच्या वडिलांना तान्हं बाळ निघालं, आणि त्यांनी लगेच भोकाड पसरलं. माझ्या नणंदेला जावईबापू निघाले. वन्संना आयुष्यभर याच चिठ्ठीची वाट होती असं तोंडावरून दिसत होतं. आणि बस चालवणारे एक आडदांड गृहस्थ निघाले धाकटी सून.

"सूनबाई, चहा!" वन्सं कडाडल्या.

"आणते हो, पण हात कुठाय माझा?" बसवाले म्हणाले. "हा कुणाचा?"

"माझा," बाळ म्हणालं. "सोडा, गुदगुल्या होतात!"

नऊ डोक्यांचा तो डोंगर डुलत डुलत निघाला. जावईबापू मध्येच रुसले, त्यामुळे अख्खं घराणं जागेवर गोल फिरलं. बघणारे पोट धरून हसत होते. एवढ्यात सूनबाई किंचाळल्या, "गळा आवळतोय! निघत नाही डोकं!"

चूक माझीच. अनोळखींची मापं आणायची कुठून, म्हणून ते सगळे गळे मी स्वतःच्याच डोक्यावरून बेतले होते. माझं डोकं एवढंसं, बसवाल्यांचं कलिंगडाएवढं.

वरून कात्री चालवली असती तर सूनबाईंचा कान गेला असता. म्हणून कात्री घेऊन घेराखालून आत शिरले. आत नुसते पाय. एका मोज्याला मी रफू केलेलं दिसलं. बाळ तिथे उभं होतं तर! चाचपडत खांद्याची शिवण गाठली आणि उसवली.

"अहाहा," वरून आवाज आला. "आता सून झाल्यासारखं वाटतंय. चला, चहा!"

आणि सगळे चालू पडले, मी आत असताना. कुणाचा गुडघा, कुणाची चप्पल. उभी राहिले तर डोकं कापडाला लागलं आणि झग्याला टेंगूळ आलं.

"अगंबाई, मांजर शिरलं आत!" वन्सं ओरडल्या.

"थांबा सगळे," पोरगी म्हणाली. झग्याच्या आत तिचा हात माझ्यापुढे आला. "ती कात्री द्या इकडे."

"अगं, थांब! आधी खडू घे, माप घे, असं आडवं कुणी..."

कचाकच. जन्मात तिने साधा दोरा कापला नव्हता. माझं डोकं उजेडात आलं, तिच्या नाकासमोर.

"नऊच का शिवलेत?" तिचा आवाज कापत होता, हसण्याने की कशाने, कळेना. "मला वाटलं, तुम्ही आपणहून एक जास्तीचा घालाल. रोज येऊन मोजत होते मी."

"तू सांगितलेस तेवढे शिवले."

"सगळं काय सांगावं लागतं?"

गळा भलताच मोठा झाला होता, दोन्ही खांद्यांवरून घसरत होता.

"केवढा कापलास हा!"

"वाढत्या अंगाचा आहे," ती म्हणाली.

"या कोण लागतात आपल्या?" सूनबाईंनी विचारलं. "चिठ्ठ्या तर संपल्या."

"लागेल काहीतरी," आजी म्हणाली. "आधी चहा." आणि माझ्या गळ्याची सुटलेली कड तिने मुठीत गच्च धरली.

सोफा आला तेव्हा जावईबापू आधी बसले, म्हणून आम्ही सगळेच कोसळलो. चहा दहाजणांत सारखा वाटला गेला, तोही झग्यावर, बाहेरून. बाळ सर्वांच्या खाली होतं आणि या वेळी खरंच रडत होतं, हसून हसून.

घरी आल्यावर मी सुईत दोरा ओवला. "त्या गळ्याला निदान पट्टी लावते. धागे सुटतायत."

पोरीने झगा माझ्या हातातून ओढून घेतला.

"खबरदार हात लावाल तर!"