चष्मेवाल्यांचं पक्षांतर

चष्मेवाले गेली बावीस वर्षं दर रविवारी क्रिकेटच्या मैदानावर पंच म्हणून उभे राहत होते. आठवडाभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि रविवारी पांढरा कोट चढवून न्यायनिवाडा करायचा, असं त्यांचं सुखात चाललं होतं. दुकानात गिऱ्हाईक हुज्जत घालायचं, घरात बायको घालायची. मैदानावर मात्र आपलं बोट वर गेलं की धडधाकट माणूस मान खाली घालून चालू लागतो, हे पाहण्यात जी मजा होती ती कशातच नव्हती.

त्या सुखाला दृष्ट लागली साडूंमुळे. साडूंचं औषधांचं दुकान होतं, आणि अंगात बॅटिंगपेक्षा बॅटिंगची हौस जास्त. त्या रविवारी ते आयुष्यात दुसऱ्यांदा चाळीस धावांपर्यंत पोचले होते. तेवढ्यात यष्टिरक्षकाने झेल घेतला, एकच ओरडा झाला. चष्मेवाल्यांनी 'टिक' असा बारीक आवाज ऐकला आणि बोट वर केलं.

साडू जागचे हलेनात. "बॅटला लागलाच नाही!"

"लागला. मी ऐकला."

"पंच बघतात म्हणे. तुम्ही ऐकता होय?"

साडूंची मुलगी मोबाइल नाचवत मैदानात आली. तिने कडेला उभं राहून सगळं टिपलं होतं, आणि त्यात बॅट आणि चेंडू यांच्यामध्ये चांगलं चार बोटांचं अंतर दिसत होतं. दोन्ही संघ त्या मोबाइलभोवती गोळा झाले. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, एकदा नंबर तपासून घ्या की!" सगळे हसले. साडू सगळ्यांत मोठ्याने.

चष्मे विकणाऱ्याला हे ऐकवणं म्हणजे चारचौघांत मुस्काटात मारणंच. चष्मेवाल्यांनी कोट काढून स्टंपांवर टांगला. "आजपासून क्रिकेट बंद. आपण आता फुटबॉलवाले!" फुटबॉलच का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पलीकडच्या मैदानावर त्या वेळी फुटबॉल चालला होता, इतकंच.

सोमवारी दुकान उघडल्याबरोबर ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि समोरचा अक्षरांचा तक्ता शेवटच्या बारीक ओळीसकट धडाधड वाचून काढला. "बघ! आहे काही दोष?"

"अहो, तीस वर्षं तोच तक्ता लोकांकडून वाचून घेताय," काचा पुसता पुसता बायको म्हणाली. "तुम्ही तो डोळे मिटूनही म्हणाल."

चष्मेवाल्यांनी हे मनावर घेतलं नाही. बायको मनावर घेण्यासारखं काही बोलू शकते, हे त्यांना तत्त्वतःच मान्य नव्हतं.

फुटबॉलचा संघ होता गॅरेजवालीचा. सहा दिवस ही बाई ट्रकखाली आडवी असायची आणि सातव्या दिवशी मैदानावर उभी राहून पोरांवर ओरडायची. तिला कडेच्या रेषेवर झेंडा घेऊन उभा राहणारा लाइनमन हवाच होता.

"नियम येतात का, काका?"

"नियम म्हणजे माझा प्राण," चष्मेवाले म्हणाले, आणि पुढचे चार दिवस ऑफसाइड म्हणजे काय ते पाठ करत बसले.

पहिल्याच सामन्यात गोल झाला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, गोलकीपरने खांबाला लाथ मारली, चेंडू पुन्हा मधोमध ठेवला गेला, आणि मग चष्मेवाल्यांचा ऑफसाइडचा झेंडा वर गेला.

"काका, आत्ता?" गॅरेजवाली किंचाळली.

"विचार करत होतो. निर्णय घाईत देऊ नये."

मग क्रिकेटवाले जे फार तर घरी जाऊन बोलले असते, ते दोन्ही संघांनी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. एक आडदांड बचावपटू तर इतका जवळ येऊन ओरडला की त्यांना चष्मा पुसावा लागला. आणि मध्यंतरात त्याच गड्याने अर्धं संत्रं पुढे केलं. "घ्या काका."

"अरे, मघाशी तू मला आंधळा म्हणालास ना?"

"ते मघाशी."

चष्मेवाले संत्रं चोखत विचारात पडले. साडूंनी अकरा वर्षांपूर्वीचा त्यांचा एक धावबादचा निर्णय अजून जपून ठेवला होता आणि घरच्या प्रत्येक लग्नात तो पंगतीत उकरून काढला होता.

सामना संपल्यावर गॅरेजवालीने त्यांना बाजूला घेतलं. "काका, त्या पलीकडच्या पोराच्या पाठीवर आकडा कोणता?"

"आठ."

"तीन आहे. काच बदला." घासलेल्या ब्रेकबद्दल बोलावं इतक्या साधेपणाने ती बोलली, त्यामुळे चष्मेवाल्यांना रागही आला नाही. ते गुपचूप तीन गल्ल्या पलीकडच्या दुसऱ्या चष्मेवाल्याकडे गेले. तिथला तक्ता अनोळखी होता. तिसऱ्याच ओळीला गाडी अडकली. तो दुकानदार हसला नाही, हे जास्त लागलं.

महिन्याभराने साडू दुकानात आले. चेहरा पडलेला, हातात मोबाइल. यष्टिरक्षकाच्या मागून कुणीतरी काढलेलं दुसरं चित्रण आता त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. कडेने दिसलेलं चार बोटांचं अंतर हा नुसता कोनाचा खेळ होता; इथे चेंडू बॅटची कड घेऊन गेलेला स्वच्छ दिसत होता, आणि 'टिक' तर बहिऱ्यालाही ऐकू गेलं असतं.

"भाऊ, लागला होता. चुकलं माझं. परत या. तुमच्या जागी जो ठेवलाय तो बिस्किटं खात उभा असतो."

चष्मेवाल्यांनी ते चित्रण अकरा वेळा पाहिलं. नजर अधू असताना त्यांचा निर्णय बरोबर निघाला होता. नव्या काचा लावून गेल्याच रविवारी त्यांनी दोन झेंडे चुकीचे दाखवले होते. हे साडूंना सांगायची काही गरज नव्हती.

"मग येताय ना रविवारी?"

"नाही जमायचं. उपांत्य सामना आहे आमचा."

"अहो, पण तिथे तुम्हाला शिव्या घालतात म्हणे!"

"घालतात ना! तोंडावर घालतात," चष्मेवाले छाती फुगवून म्हणाले. "परवा गॅरेजवाली सगळ्यांसमोर म्हणाली, असा लाइनमन आपण जन्मात पाहिला नाही."

"कौतुकाने म्हणाली का?" गल्ल्यावर बसलेल्या बायकोने विचारलं.

"ते काही मी विचारलं नाही," चष्मेवाले म्हणाले, आणि साडूंच्या नाकावरचा चष्मा काढून घेऊन त्याचे सैल स्क्रू आवळू लागले.