ढाणकीचा मोडेम आणि अडकलेले हात

मी एक जुना मोडेम आहे, मित्रांनो. अब्दुल गनींच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात, वरच्या फळीवर, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात माझा मुक्काम असतो. शेजारी जळक्या तांब्याच्या तारा आहेत. माझ्या अंगावर पाच दिवे होते. आता मला कुणी वीज जोडली तर त्यातले तीनच लागतील. पण एके काळी ढाणकीच्या बाजारओळीत ज्या मोजक्या घरांत इंटरनेट होतं, त्यांतल्या एका घराचं इंटरनेट म्हणजे मी होतो.

माझा कारखाना मला आठवत नाही. आठवतो तो २००८ सालचा उन्हाळा. टेलिफोनचे लाइनमन वामनराव सायकलच्या कॅरिअरला मला बांधून गनीभाईंच्या घरी घेऊन आले. त्यांनी मला खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि फोनची तार माझ्या पाठीत खोचली. थोड्या वेळाने माझा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. घरातल्या सगळ्यांनी तो दिवा पाहिला. गनीभाईंच्या बायकोने, खैरुनबींनी, माझ्यावर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल घातला. त्याने मला फार उकडायचं, पण माया होती म्हणून मी सोसलं.

मला आणलं होतं ते गझालासाठी. गझाला ही गनीभाईंची थोरली मुलगी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. यवतमाळला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत ती दहावीपर्यंत शिकली. तिथे तिला उज्ज्वला भेटली. उज्ज्वला ढाणकीजवळच्याच तांड्यावरची, बंजाऱ्यांची मुलगी. दोघींना ऐकू येत नव्हतं आणि दोघी हातांनी बोलायच्या. दहा वर्षं त्या एका खोलीत राहिल्या. पुढे उज्ज्वलाचं लग्न भारतशी झालं. त्यालाही ऐकू येत नाही. तो चाकणला खोकी बनवणाऱ्या कंपनीत कामाला आहे. उज्ज्वला त्याच्यासोबत तिकडे गेली आणि इकडे गझाला गप्प झाली. घरातले लोक तिच्याशी खाणाखुणा करत, पण ते "जेव", "ये", "दार लाव" एवढंच. मनातलं बोलायला तिला कुणी उरलं नाही.

मग गनीभाईंनी कॉम्प्युटर घेतला, त्यावर छोटा कॅमेरा बसवला आणि मला बोलावून घेतलं. दर रविवारी दुपारी तीन वाजता उज्ज्वला चाकणच्या नेट कॅफेत बसायची आणि गझाला माझ्यासमोर. मी दोघींचे हात इकडून तिकडे पोचवायचो. मित्रांनो, लिहिलेलं पत्र उशिरा पोचलं तरी वाचता येतं. फोनवरचा आवाज थोडा तुटला तरी माणूस अंदाज करतो. हातांच्या बोलण्याचं तसं नाही. हात मध्येच थांबला की शब्दच गेला. म्हणून हे काम मी फार जपून करायचो.

उज्ज्वलाची आई हंसाबाई दर रविवारी तांड्यावरून चालत यायची. लेकीला पडद्यावर पाहायची. पदराने पडदा पुसायची आणि खैरुनबींना म्हणायची, "भाभी, पोट्टी बारीक दिसून राह्यली का जी?" तिला जे सांगायचं असेल ते खैरुनबी खुणांनी आणि सावकाश ओठ हलवून गझालाला सांगायच्या. गझाला ते पुढे हातांनी उज्ज्वलाला सांगायची. असे तीन जिने चढून एक वाक्य चाकणला जायचं, पण जायचं.

२००९ साली सगळं बिघडलं. त्या वर्षी पाऊस कमी झाला आणि कपाशीवर लाल्या आला. पानं लाल पडून गळायला लागली. त्याआधीची दोन-तीन वर्षंही कापसाला चांगली गेली नव्हती. शेतकरी विहिरीवरची मोटार जळाली तर ती तशीच ठेवू लागले, कारण विहिरीतच पाणी नव्हतं. गनीभाईंच्या दुकानात वाइंडिंगला मोटारी येईनात. तेव्हा त्यांच्या मुलाने, रिजवानने, दुकानाच्या अर्ध्या भागात मोबाइलचं काम सुरू केलं. लोक मेमरी कार्ड घेऊन यायचे आणि तो त्यात गाणी आणि सिनेमे भरून द्यायचा. बाजाराच्या दिवशी त्याच्यापुढे रांग लागायची. तो काही आळशी नव्हता. घराला हातभार लागावा म्हणूनच त्याची धडपड होती. गाणी दुसऱ्याची आहेत, ती अशी वाटायची नसतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

ही गाणी तो आणायचा कुठून? माझ्यातूनच. त्याने माडीवर दुसरा कॉम्प्युटर जोडला, एक लांब निळी केबल खाली सोडली आणि माझ्या पाठीत खोचली. त्या कॉम्प्युटरमध्ये फाइली वाटून घेण्याचा एक प्रोग्राम होता. त्यात जगभरचे लोक एकमेकांकडून फाइलीचे तुकडे घेतात. पण घेणाऱ्याला द्यावंही लागतं. रिजवानकडे आलेला तुकडा दुसरा कुणीतरी त्याच्याकडून मागतो आणि प्रोग्राम तो आपोआप देत राहतो. रिजवान सकाळी प्रोग्राम चालू करायचा आणि खाली दुकानात जाऊन बसायचा. देण्याचं त्याच्या गावीही नव्हतं.

माझ्यात येण्याची वाट रुंद होती आणि जाण्याची फार अरुंद. त्या काळचे सगळे मोडेम असेच होते. रिजवानच्या तुकड्यांनी ती अरुंद वाट गच्च भरून गेली. शेकडो अनोळखी लोक एकाच वेळी माझं दार वाजवायचे. गझालाचे हात त्या गर्दीत मागे उभे राहायचे. एवढंच नाही, बाहेरून काही आलं की "पोचलं" अशी पावती मला परत पाठवावी लागते. ती पावतीही अडकायची. मग येणारंही अडायचं. मी तापायचो आणि कधी कधी पुरता बंद पडायचो.

घरात सगळ्यांनी दोष मला दिला. मला बंद करून चालू केलं, फळीवरून टेबलावर नेलं, टेबलावरून परत फळीवर ठेवलं. क्रोशाचा रुमाल काढला, तेवढं एक बरं झालं. रिजवानने माझ्या डोक्यावर थापटी मारली आणि म्हणाला, "हे डबडंच खराब हाये." मला उत्तर देता येत नव्हतं.

दिवाळीच्या आधीचा रविवार मी कधी विसरणार नाही. उज्ज्वलाला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण आईकडे करायचं तिच्या मनात होतं. पण कपाशी गेलेली, तांड्यावरचे लोक ऊसतोडीला निघायच्या तयारीत. हंसाबाई आणि तिचा नवरा धावजीही जाणार असं तिच्या कानावर नव्हे, भारतच्या फोनवर मेसेजने आलं होतं. आई घरी नसेल तर जायचं कुणाकडे? म्हणून तिने त्या दिवशी हातांनी सरळ विचारलं, "मी येऊ का?"

गझालाने तो प्रश्न खुणांनी खैरुनबींना सांगितला आणि त्यांनी हंसाबाईला. हंसाबाई लगेच म्हणाली, "तिले म्हना, मी ऊस तोडाले जातच नाही. तिनं बिनघोर यावं."

खैरुनबींकडून ते समजून घेऊन गझालाने हात उचलले. आधी आई, मग ऊस, मग जाणं आणि शेवटी नाही. त्यानंतर, "तू ये." तिचे हात माझ्यापर्यंत नीट पोचले. पण माझ्या दारात त्या वेळी माडीवरचे तुकडे खचाखच भरले होते. आई, ऊस, जाणं हे सगळं गर्दीत गळून गेलं. पलीकडे पोचला तो फक्त "नाही"चा हात. तोच चाकणच्या पडद्यावर गोठून राहिला. "तू ये" माझ्या पोटातच राहिलं. मग मी बंद पडलो.

उज्ज्वलाने विचारलं होतं, येऊ का. तिला दिसलं, नाही.

दोन दिवसांनी भारतच्या फोनवरून मेसेज आला, "येत नाही." दोनच शब्द. गझालाला वाटलं, उज्ज्वलाने आपणच ठरवलं. हंसाबाईला वाटलं, लेकीला आता माहेर नको झालं. ती खैरुनबींच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "पोट्टीच येत नाही म्हनते, त मी इथं राहून काय करू भाभी? मीबी जातो उसाले. पुढच्या बुधवारी ट्रक हाये." खरं काय झालं ते त्या घरात फक्त मला माहीत होतं.

गझालाला मात्र चैन पडेना. तिने वहीत लिहून वडिलांना दाखवलं, "मोडेम दुरुस्त करा." गनीभाईंनी वामनरावांना बोलावलं. वामनरावांनी खांबावर चढून पाहिलं, घरातली तार तपासली, आपला टेस्टिंगचा फोन लावून पाहिला.

"लाइन चकाचक हाये गनीभाई," ते म्हणाले. "मोडेमबी चांगला हाये. घरात आनखी कोनी नेट चालवून राह्यलं का?"

"नाही जी," रिजवान म्हणाला. "माडीवर कोनीच नाही बसलं. मी त इथंच हाओ." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

वामनराव गेले. गझाला माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिने खालचा कॉम्प्युटर बंद केला आणि माझ्याकडे पाहत राहिली. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस पाहतो फार नीट. कॉम्प्युटर बंद होता, समोर कुणी नव्हतं, तरी माझा एक दिवा वेड्यासारखा फडफडत होता. तिने बोट लावून तो दिवा कोणत्या केबलचा आहे ते शोधलं. निळ्या केबलचा. तिने ती उपसली. दिवा विझला. खालचा कॉम्प्युटर चालू करून पाहिला, तर पान क्षणात उघडलं. केबल परत लावली. पान अडकलं. तिने हे तीनदा केलं आणि मग सगळ्यांना हाताला धरून आणलं आणि चौथ्यांदा करून दाखवलं.

सगळे माडीवर गेले. रिजवानने प्रोग्राम उघडला. "हे पाहा अब्बा, मी फक्त घेतो. कोनाले काही देत..." त्याचं वाक्य तिथेच राहिलं. घेण्याच्या आकड्याशेजारी देण्याचा आकडा पळत होता.

गनीभाईंनी वाकून तो आकडा पाहिला. मग म्हणाले, "वरची मोटर चालू ठेवून आपून खाली इचारून राह्यलो, नळाले पानी काहून नाही येत."

"बंद केलं त गिऱ्हाइकाले काय देऊ?" रिजवान म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

गझालाने वही घेतली आणि लिहिलं, "तुझी गाणी सोमवारीही येतील. उज्ज्वला रविवारीच येते." रिजवानने ते दोनदा वाचलं.

त्याने आधी घेण्याचा वेग कमी केला. काही फरक पडला नाही. गझालाने बोटाने देण्याचा आकडा दाखवला. मग त्याने देण्यावर मर्यादा घातली, वाटेचा थोडाच भाग त्या प्रोग्रामला मिळेल अशी. एका वेळी शेकडो लोकांशी जोडणं बंद करून चाळीसच ठेवले. मला श्वास घेता येऊ लागला. आणि रविवारी दुपारी प्रोग्राम पूर्ण बंद ठेवायचा, हे त्याने कुणी न सांगता कबूल केलं.

गझालाने भारतला मेसेज केला, "रविवार, तीन. तिला घेऊन ये. नक्की."

रविवारी उज्ज्वला आली. बसली, पण हात मांडीवरच ठेवले. गझालाने विचारलं, "का येत नाहीस?" उज्ज्वलाचे हात एकदम उठले. "तूच नाही म्हणालीस!"

गझालाला मागचा रविवार आठवला. मग तिला सगळं कळलं. तिने तो सबंध प्रश्न आणि ते सबंध उत्तर पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक हात पुरता करून. या वेळी माझ्या दारात कुणी उभं नव्हतं. मी प्रत्येक शब्द उचलला आणि पोचवला.

"काय म्हनून राह्यली वं?" हंसाबाई खैरुनबींचा हात हलवत विचारत होती. खैरुनबींनी सांगितलं. हंसाबाईने गझालाला बाजूला सारलं आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर आली. तिला हातांची भाषा येत नव्हती. तिने दोन्ही हात पुढे केले आणि लेकराला बोलवावं तसे छातीशी ओढले. पुन्हा केले. पुन्हा ओढले. पलीकडे उज्ज्वला रडता रडता मान हलवत होती.

बुधवारचा ट्रक गेला. धावजी आपल्या भावाबरोबर गेला. हंसाबाई राहिली.

मी त्या घरात आणखी आठ वर्षं काम केलं. रिजवानचं मेमरी भरण्याचं काम पुढे बंद पडलं. आता तो मोबाइल दुरुस्त करतो आणि चांगला करतो. मग घरात नवी तार आली, नवा डबा आला, आणि मी या खोक्यात आलो. त्याचं मला वाईट वाटत नाही. सगळ्यांचं तसंच होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं नेट अडकलं तर डब्याला थापट्या मारू नका. घरात कोण काय चालवतंय ते आधी बघा. आपल्याला काय हवंय ते घेताना घरातल्या कुणाचं बोलणं तर आपण अडवत नाही ना, एवढं एकमेकांना विचारा.

एक दुपार अजून सांगायची राहिली. फाल्गुन महिन्यात उज्ज्वला दीड महिन्याच्या मुलीला घेऊन गझालाकडे आली. हंसाबाईने बाळ मांडीवर घेतलं. कॉम्प्युटर कुणी चालू केला नाही. दोघी मैत्रिणी समोरासमोर बसल्या आणि त्यांचे हात थांबेनात. चहा निवून गेला, खैरुनबींनी दुसरा आणला, तोही निवला. माझे सगळे दिवे लागलेले होते, पण माझ्यातून एक अक्षरही जात नव्हतं. मला त्या दिवशी काही काम नव्हतं, मित्रांनो. तेवढं सुख मला पुन्हा झालं नाही.