दर्या ऐकतो

"कोणाचा विश्वास बसायचा नाय, हे मी आधीच सांगून ठेवतो," हुसैनमियाँ म्हणाले आणि बशीतला चहा त्यांनी फुर्रकन ओढला. "अमेरिकेत दारूबंदी होती ना, तेव्हा न्यूयॉर्कच्या सगळ्यात मोठ्या चोरट्या गुत्त्याची चावी कोणाच्या कमरेला होती? आमच्या बाणकोटच्या इस्माईल आजाच्या. माझ्या बापाचा बाप. पाच वेळचा नमाजी!"

समोर सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या नातीने मोबाईल त्यांच्या तोंडाजवळ सरकवला. पडद्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. शाळेचं प्रोजेक्ट होतं: दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अमेरिकेतल्या माणसांचं जगणं कसं बदललं. बाकीच्या मुली नेटवरून उतरवणार होत्या. हिला घरातच माणूस सापडला होता.

"वेट, दादा. दारूची चावी नमाजी माणसाकडे? कसं काय?"

"तीच तर अक्कल, गो बाय! गुत्त्याचा मालक इटलीवाला. त्यानं आधी राखणीला एक आयरिश ठेवला, त्यानं निम्मा माल पिऊन टाकला. मंग एक जर्मन ठेवला, त्यानं उरलेला संपवला. मालक डोक्याला हात लावून बसला. ह्या एवढ्या शहरात बाटलीला हात न लावणारा माणूस आणायचा कुठनं? तेवढ्यात समोरच्या नळावर आमचा आजा नमाजेआधी हातपाय धुताना, वजू करताना दिसला. मालक म्हणाला, हाच!"

नात खिदळली. आत स्वयंपाकघरात नळाखाली जेवणाची भांडी घासणारी अफशीन, हुसैनमियाँची सून, तीही हसली.

"बघा ना, अब्बांना शंभर वर्षांपूर्वीचं सगळं पाठ आहे," ती आतून ओरडली. "आणि मला सकाळी गॅस बंद केला का तेवढंसुद्धा आठवत नाही."

हुसैनमियाँनी चहाची बशी खाली ठेवली. हेच वाक्य त्यांना हवं होतं. ते आणखी जरा मोठ्याने म्हटलं असतं तर पलीकडच्या खोलीत शुक्रवारची नमाज आणि जेवण उरकून आडवा झालेल्या मुलाच्या, इम्रानच्याही कानावर पडलं असतं.

या गोष्टीत खरं इतकंच होतं की इस्माईल आजा बोटीवर आगवाला होता, बॉयलरमध्ये कोळसा घालायचा, आणि एकदा बोट न्यूयॉर्कला लागली तेव्हा तो खाली उतरला होता. पुढचं सगळं हुसैनमियाँचं. इथे मस्कतला, अझैब्याच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर एसी दुरुस्त करताना त्यांनी अशा कितीतरी गोष्टी रचल्या. कॉम्प्रेसर उघडा पडलेला, अंगाची काहिली होतेय, आणि मलबारी, बलुची, पंजाबी पोरं हातातले पाने टाकून ऐकत बसलेली. वर्कशॉपचा ओमानी मालक, अर्बाब, तोसुद्धा "यल्ला, हुसैन, मग पुढे?" म्हणायचा. लोक समजत, काय म्हाताऱ्याची याददाश्त! आणि गंमत अशी की याददाश्तीचा यात काही संबंधच नव्हता. जे घडलंच नाही ते विसरणार कसं? ते दरवेळी नवं करकरीत तयार होई. आताशा निसटत होतं ते खरं. जे घडलं होतं ते. जे समोर बसलं होतं ते.

गेल्या महिन्यात ते तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या नमाजेहून परत निघाले आणि उभेच राहिले. त्यांच्या वस्तीतल्या, अल् खुवैरच्या सगळ्या इमारती पांढऱ्या. सगळ्यांना तशाच गॅलऱ्या, तशाच गच्चीवरच्या टाक्या. रस्त्यावर पायी चालणारं कुत्रं नाही, विचारणार कुणाला? नुसत्या गाड्या सुंईसुंई जात होत्या. ते चालत राहिले ते पार हायवेच्या पुलापर्यंत. इम्रानला सापडले तेव्हा म्हणाले, "अझैब्याला निघालो होतो रे, जुनं वर्कशॉप बघायला. अर्बाब सपनात आला." अर्बाबचं स्वप्नातलं बोलणंसुद्धा त्यांनी अरबीत म्हणून दाखवलं. इम्रान हसला. पण गाडीचं दार लावताना तो त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

आणि परवा गाडीत. मागच्या सीटवर ते डोळे मिटून बसले होते. पुढे अफशीन हळू आवाजात म्हणाली, "आमच्या डॉक्टरांना बोलले मी. रविवारी या म्हणाले. साधेच प्रश्न विचारतात. वार कुठला, घरात कोण कोण, त्यांची नावं काय." ती दवाखान्यात रिसेप्शनवर होती, तिला ठाऊक. इम्रानने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, "दिवसभर घरात कुणी नसतं गं. तसंच काही निघालं तर गावीच बरं. नसीबा फुफी आहे तिथे."

नसीबा त्यांची बहीण. विधवा, कानांनी ठार बहिरी. गावात निम्म्या घरांना कुलपं. हुसैनमियाँना मरणाची एवढी भीती वाटली नाही कधी, जेवढी तिच्या ओसरीची वाटली. तिथे गोष्ट सांगायची कुणाला? बहिरीला?

तेव्हापासून ते मनात घोकत होते. वार: शुक्रवार. शुक्रवार पक्का होता, अंगाला अत्तराचा वास होता. घरात कोण कोण: इम्रान. अफशीन. आणि...

इथे येऊन अडे. नातीचा चेहरा समोर, दाताची तार, डाव्या भुवईवरचा व्रण, सगळं समोर, आणि नावाच्या जागी भोक. नाव तर त्यांनीच ठेवलं होतं! जन्मली तेव्हा कानात अजान दिली, मग नाव सांगितलं, त्यांची बायको खुदेजा बाजूला उभी राहून डोळे पुसत होती. खुदेजाचं नाव येत होतं, आणि ती जाऊन किती वर्षं झाली. आणि घरात पोरीला नावाने हाक मारणारं कुणी नाही. आई म्हणे बेटा, बाप म्हणे बेबी. दोन दिवस हुसैनमियाँ कान टवकारून बसले होते की कुणीतरी एकदा चुकून नाव घेईल. कुणी घेईना.

सुटका एकाच शब्दाने केली होती. बाय. कोकणात कुठल्याही पोरीला बाय म्हणावं, कुणाला वावगं वाटत नाही. नात बाय, सून बाय, लिफ्टमध्ये भेटणारी शेजारीण बाय. नातीच्या मैत्रिणी घरी आल्या की फिदीफिदी हसत, "युवर ग्रँडपा सेज बाय व्हेन वी कम इन!"

"पुढे सांगा ना, दादा. सोशल चेंज पाहिजे मला. सोसायटी कशी चेंज झाली."

"सगळीच बदललेली, बाय. बायकांनी केस मानेवर कापले. न्हाव्याच्या दुकानात बाप्ये बाहेर उभे आणि बायका खुर्चीवर. एका बापानं पोरीची कापलेली वेणी उचलून घरी नेली, फ्रेम केली. घराघरांत रेडिओ बोलाय लागला. दक्षिणेकडची काळी माणसं, कापसाच्या शेतातली, पोटासाठी झुंडीनं वर शहरात आली. त्यांनी पिपाणी अशी वाजवली, अशी वाजवली की गोऱ्यांची पोरं रात रात नाचली. पण वाजवणाऱ्याला त्या टेबलावर बसून जेवायची परवानगी नाय. मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं. आमच्या आजाचा दोस्त होता, गिलास धुवायचा. मोझेस."

शंभर वर्षांपूर्वीच्या, कधीच नसलेल्या माणसाचं नाव कसं धावत आलं! 

"लास्ट वीक तर बेंजामिन होता तो."

"मोझेस बेंजामिन. आख्खं नाव." डोळ्याचं पातं न लवता ते म्हणाले. "तर हा मोझेस म्हणाला, इस्माईल, मरायच्या आधी एकदा पांढऱ्या चादरीच्या टेबलावर खुर्चीत बसून जेवायचंय. आजा म्हणाला, एवढंच ना? आण इकडं डोकं."

त्यांनी खांद्यावरचा मसर काढला. अर्बाबने कामावरून निरोप देताना दिलेला, जांभळ्या काठाचा. ओमानी माणूस डोक्याला बांधतो तसा. हुसैनमियाँ तो शुक्रवारी नुसता खांद्यावर टाकत. त्यांनी तो नातीच्या डोक्याभोवती गुंडाळायला सुरुवात केली. बोटं आपोआप चालली, घडीवर घडी बसत गेली. बोटांना सगळं आठवत होतं.

"आजानं आपला साफा सोडून त्याच्या डोक्याला बांधला. म्हणाला, आजपासून तू हिंदुस्थानचा शहजादा. ह्या लोकांना काळ्या माणसाचं वावडं हाय, पण साफेवाला दिसला की वाकतात. मोझेस लटपटायला लागला. म्हणाला, पण मला तुझी भाषा कुठं येते? पकडतील, मारतील. आजा म्हणाला, भाषा कोणाच्या बापाला येते? काय पण बोल. फक्त थांबू नको. थांबलास की गेलास."

"मग? गेला तो?"

"गेला की. सगळ्यात मोठ्या हॉटेलात. वेटर वाकला, म्हणाला, हुजूर, आपलं नाव? मोझेसला आजानं शिकवलेलं एवढंच येत होतं, त्यानं छाती काढून ठोकून दिलं, 'कोलबी ताजी हाय, वाटा घे, नायतर पुढं हो!' वेटर म्हणाला, बसा, महाराज कोलबी."

नात सोफ्यावर आडवी झाली. डोक्यावरचा मसर एका कानावर घसरला. "दादा! दिस इज सो फेक! पण टीचरना आवडणार."

दार उघडून इम्रान बाहेर आला, डोळे चोळत. लेकीच्या डोक्यावरचा फेटा बघून त्याला हसू आलं. मग तो बापाच्या खुर्चीच्या हातावर टेकला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात जड होता.

"अब्बा, रविवारी जायचंय आपल्याला. लक्षात आहे ना?"

"मला इचारतोस? मी तुला आठवण करनार होतो."

"घाबरू नका हां. काही नसतं त्यात."

"घाबरतो कोण? सुई टोचनार हाय का कोण?"

इम्रान बघत राहिला. पुलाजवळ बघितलं होतं तसंच. मग गाडीची चावी घेऊन पेट्रोल भरायला गेला. दार लागल्याचा आवाज झाला तशी हुसैनमियाँची मान खांद्यात गेली.

"दादा, पुढे," नात म्हणाली. "डिप्रेशन बाकी आहे. नाइन्टीन ट्वेंटीनाइन."

"हां. मंग एक दिवस बाजार पडला." आवाज मघासारखा लागेना. त्यांनी खाकरून घेतलं. "काल गुत्त्यात नोटेनं सिगार पेटवनारे आज पावासाठी लाइनीत. उंची कोट, आणि हातात वाडगा. गुत्ता बंद. सरकारनं कायदा तर आधीच केलेला: आपल्यासारख्यांनी यायचं नाय. जहाजातून उतरून ऱ्हायला तो चोर. आता काम पण नाय, मंग लोक बोट दाखवाय लागले, ह्याला कशाला ठेवलाय? आजा एका खोलीत लपून ऱ्हायला, बाय. जिन्यावर पाय वाजला की तो कपाटात शिरायचा. पाय वर येतायत, वर येतायत. दाराशी थांबले. आता ठोकणार. आता इचारणार, तू कोण, कोणाचा कोण, सांग. आणि सांगायला त्याच्यापाशी काय होतं? साफा मोझेसला देऊन बसलेला. तोंडच्या गोष्टी. नुसतं बोलून माणूस किती दिस टिकनार?"

ते कपाळ पुसत होते. एसी चालू होता. नात उठून नीट बसली.

"मग पाठवलं त्यांना परत?"

हुसैनमियाँ तिच्या दाताच्या तारेकडे बघत राहिले.

"दादा? पाठवलं?"

"बोटीत बसवलं. गावी जाऊन लय वरसं जगला तो. ओसरीवर." मग म्हणाले, "खलास. संपली गोष्ट. बंद कर तो डबा."

"एक मिनिट, एंड बाकी आहे. टीचरने सांगितलंय, लास्टला आपलं नाव बोलायचं आणि कुणाला स्टोरी सांगितली त्याचं नाव. असं बोला: मी हुसैनमियाँ, ही गोष्ट माझी नात... आणि माझं नाव. खलास."

लाल ठिपका लुकलुकत होता. आत नळ वाहत होता, ताटं एकमेकांवर आपटत होती.

"मी हुसैनमियाँ, राहणार बाणकोट," त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "ही गोष्ट माझ्या नातीला, माझ्या बायला..."

"बाय नाही ना दादा. नाव."

इम्रान. अफशीन. खुदेजा. नसीबा. मोझेस बेंजामिन. महाराज कोलबी. सगळे आले, दाटीवाटीने उभे राहिले. त्यांच्यामागून एक कुणीतरी येऊ बघत होतं, पण वाट मिळत नव्हती. हुसैनमियाँनी तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांना सुचलं. इतकं सुंदर सुचलं की भीतीतही क्षणभर जुना वर्कशॉपवाला हुसैन जागा झाला.

"तुला ठाऊक नाय का गो? आम्ही खलाशाची अवलाद. लाडक्या लेकराचं नाव आम्ही मोठ्यानं घेत नाय. दर्या ऐकतो. एकदा ऐकलं की त्याच नावानं हाक मारतो, आणि मंग लेकरू पाण्याकडं चालू लागतं. म्हणून आजानं माझ्या बापाला कधी नावानं हाक मारली नाय. म्हणून मी तुला बायच म्हणतो. जपून ठेवलंय तुझं नाव. इथं." त्यांनी छातीवर हात ठेवला.

नात हसली नाही. तिने दोन्ही हातांनी डोक्यावरचा मसर काढला, घड्या मोडू न देता, आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. मोबाईल मात्र तसाच धरलेला होता.

"खोटं आहे हे, दादा," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि हवा होता त्याहून मोठा निघाला. "नावापाशी तुम्ही थांबलात."

आतला नळ बंद झाला.